चेंबरला आलेला पोचा

गाडीच्या इंजिनातून टिकटिक आवाज यायला लागला, तेव्हा तो कशामुळे येतोय हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. निदान अंदाज होता. चार दिवसांपूर्वी आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर समोरून एसटी आली. तिला वाट द्यायला मी गाडी कडेच्या गवतात घेतली आणि गवतात एक चिरा पडलेला होता, जांभ्याचा, घर बांधायला वापरतात तसला. गाडीचा पुढचा भाग त्याच्यावरून गेला. खालून जो दणका बसला तो मला आधी तळपायांना कळला आणि मग कानांना. एसटीच्या खिडकीतून एका बाईने वाकून पाहिलं. एसटी गेल्यावर मी उतरून गाडीखाली बघितलं. तेल गळत नव्हतं. गाडी पहिल्या चावीला चालू झाली. मी घरी आले आणि चावी खिळ्याला अडकवली.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. घरी लायब्ररीत जाते असं सांगून निघाले होते.

खरं सांगितलं असतं तर बाबा गाडीवरून फार बोलले नसते. चेहरा पाडून दोन दिवस बोनेट पुसत बसले असते, इतकंच. पण त्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला असता. मुलगी आरे-वारेला गेली होती म्हटल्यावर रत्नागिरीत कोणीही तोच प्रश्न विचारेल. कोणाबरोबर?

मी एकटी गेले होते. महिन्यातून एक-दोनदा जायचे. वरच्या वळणावर गाडी उभी करायची, काचा वर करायच्या आणि तासभर बसायचं. कधी कधी मोठ्यांदा बोलायचं. वर्गात जे बोलायचं राहून गेलेलं असायचं ते, कोणाला उत्तर द्यायचं सुचलं नव्हतं ते. माझं शिक्षण बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात झालं, त्यामुळे बाहेर मराठीत चार माणसांत बोलताना मी आधी वाक्य मनात लावून घेते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. बंद गाडीत विषय पुढे जात नाही. हे घरी सांगितलं असतं तर कोणाचाही विश्वास बसला नसता. एखादा मुलगा होता असं सांगितलं असतं तर निदान खरं तरी वाटलं असतं.

गाडी लहान, पांढरी, पेट्रोलवरची आणि अकरा वर्षांची. बाबांनी ती एका डॉक्टरांकडून वापरलेली घेतली होती. थंड असताना ती नीट चालायची. गरम झाली आणि चढाला पाय दाबला की वरून टिकटिक, टिकटिक, गॅसचा लायटर भराभर दाबावा तसा आवाज. मी दार लावून घेऊन फोनवर शोधलं. इंग्रजीत सहा-सात कारणं दिली होती. पहिलं होतं इंजिनाच्या वरच्या बाजूला झडपा हलवणारे टॅपेट ढिले होणं. पाचवं मी दोनदा वाचलं. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारा चेंबर असतो. त्याला खालून मार बसून पोचा आला, तर तो आतल्या तेल ओढणाऱ्या जाळीला टेकतो, वरपर्यंत तेल पोचत नाही आणि वरचे भाग कोरडे वाजू लागतात. तेलाची पातळी मात्र बरोबर दिसते.

आवाज सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी ऐकलं.

"ऐकतेस का गं? काहीतरी वाजतंय."

"मला नाही ऐकू येत," मी म्हणाले.

मग त्यांनी संध्याकाळी आईलाही गाडीत बसवून एक फेरी मारली, आणि तिलाही ऐकू आलं. मेस्त्रीकडे न्यायचं ठरलं. तेव्हा मी म्हणाले, "बाबा, मी वाचलंय नेटवर. जुन्या गाड्यांत टॅपेट वाजतात. सेट केले की थांबतं."

आमच्या घरात मी इंग्रजीत वाचलेली गोष्ट खरी असायची. बाबा सरकारी कचेरीत कारकून, मराठी शाळेत शिकलेले. वरून इंग्रजीत पत्र आलं की घरी आणून माझ्यासमोर ठेवायचे, "जरा बघ गं" म्हणून. त्यांनी लगेच मान डोलावली. आई म्हणाली, "तिने वाचलंय ना, मग तसंच सांगा मेस्त्रीला. उगाच सगळं इंजिन उघडून बसेल."

मेस्त्रीचं गॅरेज आमच्या घरापासून दोन वळणांवर. वर पत्रा, खाली तांबडी जमीन, तेलाने काळी पडलेली. मेस्त्री साठीचा. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी गाडी चालवणाऱ्याला विचारायचं आणि मग ऐकायचं. विचारताना तो गाडीकडे बघत नसे, माणसाकडे बघे. ऐकायची वेळ आली की रेडिओ बंद करून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. त्या वेळी गॅरेजात कोणी बोलत नसे. बाबांना याचं फार कौतुक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने पाण्याचा पंप जाणार हे पंप जायच्या आधी सांगितलं होतं, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेलं होतं.

"चालवतं कोण?" त्याने विचारलं.

"जास्त हीच. कॉलेजला नेते," बाबा म्हणाले.

"मग तू सांग गो बाय. कधी वाजतं?"

"गरम झाल्यावर."

"चढाला जास्त?"

"हो."

"सकाळी पहिली चालू करतेस तेव्हा?"

"नाही."

त्याने ऐकलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. स्क्रू-ड्रायव्हर वरून बाजूला, बाजूवरून खाली आणला. मग तेलाची पट्टी ओढून बघितली, फडक्याला पुसून पुन्हा घातली, पुन्हा बघितली.

"तेल हाय," तो म्हणाला. "पण वर चढत नाय. उपाशी इंजिनाचा आवाज हा." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "गाडी खालून कुठं लागली काय? दगडाला, चिऱ्याला?"

फोनमधल्या पाचव्या कारणापर्यंत तो डोळे मिटून पोचला होता.

"नाही काका," मी म्हणाले.

"आठव. बारीक लागली असेल तरी सांग."

"नाही."

बाबा मध्येच म्हणाले, "अहो मेस्त्री, ती बोलत नाही, पण खोटं नाही बोलणार. आणि ती म्हणते टॅपेट आहेत. वाचलंय तिने, इंग्लिशमध्ये."

मेस्त्री हसला. "मग आमचं काय चालणार. आमचं इंग्लिश पान्यांच्या नंबरापुरतं. बाय, माझा गुडघा का वाजतो ते पण बघ तुझ्या फोनात."

बाबा हसले. मीही हसले.

इंजिनाच्या खाली बाबांनी पत्र्याचं संरक्षण बसवून घेतलं होतं. पातळ पत्रा मार खाऊन परत सरळ झाला होता. त्याला फक्त ओरखडे होते, आणि आमच्याकडे स्पीडब्रेकरनी असे ओरखडे प्रत्येक गाडीला असतात. तो पत्रा काढला असता तर वरचा चेंबर दिसला असता. पण त्याचे बोल्ट गंजलेले होते. मी हो म्हणाले असते तर मेस्त्रीने ते कापून काढले असते. मी नाही म्हणाले, म्हणून त्याने वरचं झाकण उघडलं आणि संध्याकाळपर्यंत खपून टॅपेट सेट केले.

तीन-चार दिवस आवाज कमी झाल्यासारखा वाटला. मग परत आला. गाडी परत मेस्त्रीकडे गेली. त्याने तेल बदललं, टॅपेट पुन्हा तपासले. आवाज तसाच. तिसऱ्या खेपेला त्याने स्क्रू-ड्रायव्हर उजव्या कानाला लावला, मग डाव्या कानाला लावला. मी बाजूला उभी होते. त्याने डोळे उघडले तेव्हा तो बाबांना हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मला अजून तेच ऐकू येतंय. पण पोरगी तर नाय म्हणते."

परतताना गाडी मी चालवत होते. बाबा म्हणाले, "कान गेले त्याचे. वय झालं. काय करणार." मी गिअर बदलला.

मग हायवेच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आम्ही गाडी नेली. तिथे काचेच्या खोलीत बसायचं आणि काचेतून आपली गाडी वर उचललेली बघायची. अर्ध्या तासात टाय लावलेला सुपरवायझर आम्हाला आत घेऊन गेला. त्यांनी पत्रा काढला होता. चेंबरच्या मधोमध पोचा होता, वाटीएवढा.

"आत जाळीला टेकलाय, सर. तेल ओढत नाही. त्याचाच आवाज आहे," सुपरवायझर म्हणाला.

"पण गाडी कुठे लागलेलीच नाही," बाबा म्हणाले.

"मग जॅक असेल. बाहेर कुठे उचलली होती का? पुष्कळ जण पत्र्यावरूनच मधोमध जॅक लावतात. वरती चेंबर असतो हे लक्षात घेत नाहीत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काही संशय नव्हता. ते फक्त आठवत होते आणि मीही आठवावं असं त्यांना वाटत होतं. मी काहीच बोलले नसते तरी चाललं असतं. पण मी बोलले. मी म्हणाले, "गणपतीच्या आधी सर्व्हिसिंगला मेस्त्रींनी उचलली होती ना."

ते वाक्य खरं होतं. मेस्त्रीने गणपतीच्या आधी गाडी खरंच उचलली होती.

"मग इतक्या दिवसांनी कसा आवाज येईल?" बाबांनी विचारलं.

"येऊ शकतो, सर. हळूहळू जाळीत गाळ बसतो आणि मग वाजायला लागतं," सुपरवायझर म्हणाला. त्याला काय, त्याने विचारलेल्याचं उत्तर दिलं.

नवा चेंबर बसला. आवाज बंद झाला. येताना बाबांनी गाडी गॅरेजसमोर थांबवायला सांगितली आणि ते उतरले. मी आतच बसून राहिले. काच खाली होती.

बाबा ओरडत नाहीत. चिडले की जास्त सभ्य बोलतात. "मेस्त्री, तुम्ही म्हणालात म्हणून तीन वेळा गाडी आणली. इंजिन उघडलं. आणि मार तुमच्याच जॅकचा निघाला."

"मी जॅक तिथं लावत नाय, साहेब."

"मग कोणी लावला? गाडी तर दुसरीकडे कुठे लागली नाही."

मेस्त्रीने गाडीकडे बघितलं. गाडीत मी होते. त्याच्या बघण्यात राग नव्हता. एखादा भाग कुठला आहे हे आठवत असताना माणूस बघतो तसं तो बघत होता. एक तर त्याचा हात चुकला होता, नाहीतर मी खोटं बोलले होते. तिसरं काही असू शकत नव्हतं. मी डॅशबोर्डवर एक बोट फिरवलं, धूळ आहे का बघितल्यासारखं.

"मग लागला असेल माझ्याकडून," तो म्हणाला. "नजर कमी झालीय."

त्यानंतर आमची गाडी हायवेलाच जाऊ लागली. पंपाची गोष्ट बाबांनी पाहुण्यांना सांगणं बंद केलं. कचेरीत त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्यांच्यासोबतच्या दोघांनी मेस्त्रीकडे जाणं सोडलं, हे जेवताना त्यांच्याच बोलण्यात आलं. मी जाता-येता ती दोन वळणं टाळून मागच्या उताराने जायला लागले. ते लांब पडायचं. आईने एकदा विचारलं तर मी तिकडे गर्दी असते म्हणाले. तिकडे गर्दी कधीच नसते.

दीड वर्ष गेलं. मला इथेच नोकरी लागली. ऑफिसातल्या एका बाईंबरोबर मी कधी कधी त्यांच्या गाडीतून घरी यायचे. एका दुपारी त्यांच्या गाडीचं पुढचं चाक घरघरायला लागलं आणि त्यांनी बोलता बोलता गाडी सरळ मेस्त्रीच्या गॅरेजात घातली. उतरण्यावाचून मला दुसरा मार्ग नव्हता.

मेस्त्रीने मला ओळखलं. "बरी हायस?" इतकंच विचारलं. मग जॅक घेतला. लावण्याआधी तो पोटावर झोपला, बॅटरी मारून बघितलं, हात आत घालून चाचपलं, जॅक सरकवला. उठला. पुन्हा झोपला आणि पुन्हा बॅटरी मारली.

"मेस्त्री, किती वेळा बघाल? सोन्याची नाही माझी गाडी," बाई म्हणाल्या.

"बघितलेलं बरं. एकदा चुकलंय माझ्याकडून," तो म्हणाला.

चाक फिरवून त्याने ऐकलं. बेअरिंग गेलंय असं वाटतं, म्हणाला. आणि मग, "पण मला वाटतं ते धरून चालू नका. दुसरीकडे पण एकदा दाखवा." बाई मला गाडीत म्हणाल्या, "किती प्रामाणिक माणूस आहे बघ." मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि एकटी गेले. वाटेत वाक्यं लावली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. तिथे पोचल्यावर त्यातलं एकही आलं नाही. तो रॉकेलच्या घमेल्यात सुटे भाग धूत बसला होता.

"काका, आमची ती गाडी. ती लागली होती. आरे-वारेच्या रस्त्यावर. चिऱ्याला."

त्याचे हात थांबले नाहीत. "कधी?"

"आवाज सुरू व्हायच्या आधी."

"आधी."

"हो. माझ्याकडून."

त्याने हातातला भाग ब्रशने घासला, उलटा करून घासला, फडक्यावर ठेवला. दुसरा घेतला. "म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं."

"हो."

मी सॉरी म्हणाले. ते मराठीत कसं म्हणायचं हे मला अजूनही नीट कळत नाही. माफ करा म्हटलं की नाटकातलं वाटतं.

"बाबांना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग अर्धंच काम केलंस," तो म्हणाला. "माझ्याकडे काय, माझ्याकडे कधी पण येशील. जा आता. ऊन हाय."

त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते पडवीत रद्दीचे गठ्ठे बांधत होते. चिऱ्याचं सांगितलं, एसटीचं सांगितलं, दोन्ही वेळा नाही म्हणाले तेही सांगितलं. मेस्त्रीला आधी सांगून आले हे मात्र सांगितलं नाही. आपल्या आधी गॅरेजवाल्याला, असं त्यांना वाटेल म्हणून.

सुतळीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाबरोबर गेली होतीस?"

"एकटी."

"एकटी कशाला जाशील तिथे?"

"बसायला."

आत आईने मिक्सर बंद केला. बाबा म्हणाले, "बरं." आणि पुढचा गठ्ठा ओढला. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे त्या एका शब्दावरून कळलं. त्यांनी पुन्हा कधीही विचारलं नाही. पुढचा आठवडाभर ते माझ्याशी नेहमीपेक्षा नीट, पूर्ण वाक्यांत बोलत होते.

रविवारी सकाळी त्यांनी शर्ट घातला आणि म्हणाले, "चल. मेस्त्रीकडे जाऊन येऊ. तू काही बोलायचं नाहीस. मी बोलतो."

आम्ही चालत गेलो. दोन वळणं. मेस्त्रीला माहीत आहे, हे सांगायला तेवढा रस्ता पुरला असता. पहिल्या वळणावर मी वाक्य लावलं. दुसऱ्या वळणावर गॅरेज आलं.

बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "मेस्त्री, एक सांगायचं होतं. मागची ती चेंबरची गोष्ट. गाडी माझ्याकडूनच लागली होती. आमच्या ऑफिसच्या गेटाजवळ चिरे टाकले होते, त्यावर चढली. मी साफ विसरून गेलो होतो. तुमच्यावर उगाच आलं."

मी बाबांना खोटं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. न विचारता त्यांनी आणखी एक जोडलं. "पावसात दिसले नाहीत."

आवाज दिवाळीनंतर सुरू झाला होता. तेव्हा पाऊस नव्हता. मेस्त्रीने हात पुसायला घेतले, एकेक बोट सुटं करून. त्याने बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"गेटाजवळ," तो म्हणाला.

"हो."

"डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला लागली असेल."

"हो, हो. आतल्याच."

"हां. तिथंच लागते. माणूस विसरतो, साहेब." त्याने एक स्टूल ओढून बाबांच्या पुढे केलं. "बसा. चहा सांगतो."

बाबा बसले. "ऑफिसात सांगतो मी सगळ्यांना. माझी चूक होती म्हणून."

"कशाला. तुम्हालाच हसतील."

"हसू देत."

मेस्त्रीने समोरच्या टपरीला हाक मारली आणि दोन बोटं वर केली. मग थांबून बाबांना विचारलं, "ही पिते काय चहा?"

"पिते," बाबा म्हणाले.

त्याने तिसरं बोट वर केलं. चहा आला. ते दोघं पावसाळ्यात फुटलेल्या रस्त्यांबद्दल बोलत होते, मग बाबांच्या रिटायरमेंटबद्दल. मी ग्लास धरून टायरवर बसले होते. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. माझ्यासाठीच बघत नव्हते. चहा संपेपर्यंत बोलायला पुष्कळ वेळ होता. मी बोलले नाही.